समजून घ्या : कार्डिओ की स्ट्रेंथ? खाशाबा जाधव यांच्या आयुष्यातून उलगडणारे ताकद आणि दमाचे गणित

जिममध्ये नवा माणूस आला की पहिल्याच आठवड्यात त्याला दोन गट भेटतात. एक ट्रेडमिलवरून उतरत नाही, दुसरा डंबेलशिवाय कशाला हात लावत नाही. कार्डिओ करावे की वजने उचलावीत, हा वाद मोबाइलवर रोज रंगतो. स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवून देणाऱ्या पैलवानाला मात्र यातले एक निवडून चालणार नव्हते. कुस्तीला ताकद लागते आणि ती शेवटच्या मिनिटापर्यंत टिकवायला दमही लागतो.

खाशाबा जाधव कोण होते?

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या गोळेश्वर येथे झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. त्यामुळे लहानपणीच अंगाला तांबडी माती लागली. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये आणि पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात झाले. अंगकाठी लहान, पण चपळाई मोठी. ‘ढाक’ हा त्यांचा हातखंडा डाव.

तालमीतल्या मेहनतीत जोर, बैठका, धावणे, हौदा खणणे आणि लढत हे सगळे आलेच. जोर-बैठकांनी ताकद येते. त्याच शेकड्यांनी मारल्या की छातीचा भाता चालू लागतो. आज जिममध्ये ज्याला दोन वेगळी सत्रे म्हणतात, ती तालमीत एकाच सकाळी उरकली जात.

लंडनमध्ये काय घडले?

१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला जाण्यासाठी कोल्हापूरच्या महाराजांनी मदत केली. मातीत वाढलेल्या खाशाबांना मॅट नवखी होती आणि आंतरराष्ट्रीय नियमही. तरीही ५२ किलोच्या फ्लायवेट गटात ते सहावे आले. त्यानंतरची चार वर्षे त्यांनी तयारीत घालवली आणि पुढच्या ऑलिम्पिकला ते वरच्या, म्हणजे ५७ किलोच्या बँटमवेट गटात उतरले.

हेलसिंकीत दम का महत्त्वाचा ठरला?

१९५२ च्या हेलसिंकी दौऱ्यासाठी पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७ हजार रुपये उभे केले.

खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. जपानच्या शोहाची इशीविरुद्धची लढत लांबली आणि ती त्यांनी गमावली. लगेच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोवसमोर उभे करण्यात आले. नियमानुसार दोन लढतींत किमान ३० मिनिटांची विश्रांती हवी होती. मात्र त्यासाठी भांडायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. दमलेले खाशाबा हरले आणि कांस्यपदकावर थांबले. इशीला सुवर्ण, मामेदबेकोवला रौप्य मिळाले.

ताकद आणि दम यांत फरक काय?

एखादा डाव टाकायला लागणारी ऊर्जा स्नायूंत साठलेली असते, पण ती काही सेकंदांतच संपते. त्यानंतरचा काही काळ ऑक्सिजनशिवाय मिळणाऱ्या ऊर्जेवर निघतो. लढत लांबली की मात्र हृदय, फुप्फुसे आणि रक्तातून पोहोचणारा ऑक्सिजन यांवरच सगळी मदार असते. हा साठा पुन्हा भरायलाही वेळ लागतो. ते ३० मिनिटे म्हणजे नुसती सवलत नव्हती, शरीराची गरज होती.

दोन्ही एकत्र केले तर नुकसान होते का?

१९८० मध्ये रॉबर्ट हिक्सन या अमेरिकी संशोधकाने १० आठवड्यांचा प्रयोग केला. ताकद आणि दमाचा कठोर सराव एकत्र करणाऱ्यांची ताकद सुरुवातीला वाढली, पण शेवटच्या आठवड्यांत घसरू लागली. जिममध्ये ‘कार्डिओने मसल जातात’ म्हणतात, त्यामागे असेच निष्कर्ष आहेत. पण त्या प्रयोगातला सराव आठवड्याचे पाच-सहा दिवस आणि अतिशय तीव्र होता. नव्याने सुरुवात करणाऱ्याचा व्यायाम त्याच्या जवळपासही नसतो, त्यामुळे ही भीती त्याने बाळगण्याचे कारण नाही.

सुरुवात कशी करावी?

जागतिक आरोग्य संघटनेनुसार प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकदीचा व्यायाम द्यावा. ते असे जुळवता येईल :

- सोमवार, गुरुवार : बैठका, भिंतीला किंवा जमिनीवर जोर, हलकी वजने ओढणे-उचलणे. त्यानंतर थोडे चालणे.
- मंगळवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार : ३० मिनिटे भरभर चालणे किंवा सायकल. बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतका वेग पुरे.
- रविवार : विश्रांती.

एकाच दिवशी दोन्ही करायचे आणि ताकद वाढवायची असेल, तर आधी वजने, मग कार्डिओ. पहिल्या आठवड्यात १०-१५ मिनिटेही चालतील. वेळ आधी वाढवा, वजन आणि वेग नंतर. हृदयविकार, रक्तदाब किंवा गुडघ्याचा त्रास असल्यास आधी डॉक्टरांना विचारा.

पदकानंतर काय झाले?

कराडला खाशाबांची शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यांनी मात्र पुन्हा कुस्त्या घेतल्या, त्यातून पैसे उभे केले आणि खर्डेकरांचे गहाण घर सोडवले. १९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक झाले. गुडघ्याच्या दुखापतीने पुढच्या ऑलिम्पिकची वाट अडली. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ते अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. भारताला पुढचे वैयक्तिक पदक मिळायला १९९६ उजाडले. ते लिअँडर पेसने जिंकले.

खाशाबांची ताकद आणि दम कुणी हिरावून घेतला नाही. हिरावली गेली ती हक्काची अर्ध्या तासाची विश्रांती. नवशिके बहुतेक वेळा नेमकी तीच वेळापत्रकातून काढून टाकतात. रविवार रिकामा ठेवणे हा आळस नाही, तोही व्यायामाचाच भाग आहे.