लॉर्ड केल्व्हिन

पावसाळ्यांत मुळशीच्या तलावांत पाण्याची भर पडते, ती कधीं मंद तर कधीं जोराची असते. क्षणोक्षणींची ही भर मिळवीत गेलें म्हणजे एकंदर पाणी किती आलें हें समजतें. असली बेरीज आपोआप करणारें एक यंत्र ज्या दोन बंधूंनीं पुढें आणलें, त्यांपैकीं धाकटे विल्यम थॉमसन हेच पुढें लॉर्ड केल्व्हिन या नांवानें जगप्रसिद्ध झाले.

त्यांचा जन्म २६ जून १८२४ रोजीं बेलफास्ट येथें झाला. दहाव्या वर्षीं ते ग्लासगो विद्यापीठांत दाखल झाले व बाविसाव्या वर्षीं तेथेंच प्राध्यापक झाले. अटलांटिक महासागराच्या तळाशीं तारायंत्राची तार घालण्याचें काम सिद्धीस नेल्याबद्दल १८६६ मध्यें त्यांना 'सर' ही पदवी मिळाली. खलाशांसाठीं त्यांनीं होकायंत्र सुधारलें आणि भरती-ओहोटी आगाऊ सांगणारें यंत्र योजिलें. त्याच तत्त्वावर १८७९ मध्यें हिंदुस्थानासाठीं एक यंत्र तयार झालें. त्यावरून मुंबईसारख्या बंदरांच्या भरतीचीं कोष्टकें निघूं लागलीं.

बेरजेच्या यंत्राची रचना थोरले बंधु जेम्स यांची. फिरत्या तबकडीवर एक गोळा व त्यास टेकलेला एक दंडगोल, एवढेंच त्याचें स्वरूप. गोळा मध्याजवळ असला तर दंडगोल हळू फिरतो. कडेकडे सरकला तर वेगानें फिरतो. गोळ्याची जागा भरीचा वेग दाखविते, दंडगोलाचे फेरे एकंदर बेरीज सांगतात. १८७६ मध्यें विल्यम यांनीं या यंत्राचे नवे उपयोग रॉयल सोसायटीपुढें मांडले. मात्र मूळ कल्पना बंधूची, हें त्यांनीं लपविलें नाहीं.

दंडगोलाची शक्ति फार अल्प होती. त्यामुळें त्याच्याकडून दुसरें यंत्र चालविणें कठीण जाई. १७ डिसेंबर १९०७ रोजीं केल्व्हिन वारले. पुढें इंजिनियरांनीं हा दोष काढला. चालत्या जहाजावर तोफ डागावयाची तर त्याचें अंतर क्षणोक्षणीं बदलतें. शिवाय गोळा पोहोंचेपर्यंत तें पुढें गेलेलें असतें. हें गणित करणारीं यांत्रिक गणकें प्रथम युद्धनौकांवर, मागाहून किनाऱ्याच्या तोफखान्यांतही आलीं, आणि त्यांच्या पोटांत जेम्स यांच्या युक्तीचींच सुधारलेलीं रूपें फिरूं लागलीं.

विद्यार्थी मित्रहो, ज्या विद्येनें जहाज सुखरूप बंदरास लागलें, तिनेंच तें बुडविण्याची वेळही साधली. विद्या मिळविणें हें अर्धेंच काम. ती कोणत्या कामीं लावावी हें ठरविणें, तें उरलेलें अर्धें.