पाचव्या रुचीचा शोधक

आपल्या पूर्वजांनी अन्नाचे सहा रस सांगितले आहेत. गूळ मधुर, चिंच आम्ल, मीठ लवण, मिरची कटू, कारले तिक्त आणि सुपारी कषाय. सणावारी वाढलेल्या पानात ह्यांतील बहुतेक रस एकत्र नांदताना आपण पाहतो. पश्चिमेकडील शास्त्रज्ञ मात्र चारच मूळ रुची मानीत : गोड, आंबट, खारट आणि कडू. जिभेला कळणारी प्रत्येक चव ह्या चारांच्या मिश्रणातून होते, असा त्यांचा सिद्धांत होता. ह्या चारांत न बसणारी आणखी एक रुची आहे, हे प्रयोगाने दाखवून देणारा शास्त्रज्ञ जपानमध्ये होऊन गेला. किकुनाए इकेदा हे त्यांचे नाव.

इकेदा ह्यांचा जन्म १८६४ साली क्योतो नगरात एका सामुराई घराण्यात झाला. त्यांच्या जन्मानंतर चारच वर्षांत जपानमधील जुनी सरदारशाही कोसळली. तलवारीच्या मानाने जगणाऱ्या घराण्यांना आता विद्या हाच आधार उरला. पाश्चात्त्य देशांतील शास्त्रे शिकावीत आणि आपला देश त्यांच्या बरोबरीला आणावा, ही आकांक्षा त्या काळी जपानमधील तरुणांच्या मनात पेटली होती. इकेदा तोक्यो येथील विद्यापीठात रसायनशास्त्र शिकले आणि १८८९ साली पदवीधर झाले. पुढे काही वर्षे अध्यापन केल्यावर त्याच विद्यापीठात ते साहाय्यक प्राध्यापक झाले.

१८९९ साली उच्च अध्ययनासाठी ते जर्मनीतील लाइप्त्सिश येथे गेले. तेथे विल्हेल्म ओस्टवाल्ट ह्या विख्यात रसायनज्ञाच्या हाताखाली त्यांनी काम केले. परत येताना १९०१ साली ते काही काळ लंडनमध्ये राहिले. जपानचे थोर कादंबरीकार नात्सुमे सोसेकी तेव्हा लंडनमध्येच शिकत होते. दोघे काही दिवस एकाच घरात राहत होते. एक शास्त्रज्ञ, एक साहित्यिक. परंतु त्यांच्या गप्पा तासन् तास चालत. साहित्याचाही शास्त्रीय दृष्टीने विचार करता येईल, ही प्रेरणा सोसेकींना ह्या सहवासातून मिळाली. मायदेशी परतल्यावर इकेदा विद्यापीठात प्राध्यापक झाले.

परदेशात असताना एक गोष्ट त्यांच्या मनाला लागून राहिली होती. जर्मन लोक धिप्पाड आणि सुदृढ दिसत. त्यांच्या मानाने आपले देशबांधव किरकोळ बांध्याचे का? पोटभर व सकस अन्न गरिबांच्या वाट्याला येत नाही, हे त्याचे कारण त्यांना उघड दिसत होते. परंतु एका रसायनज्ञाने त्याबद्दल काय करावे?

ह्या प्रश्नाचे उत्तर त्यांना स्वतःच्या घरातच सापडले. जपानी लोक समुद्रातील अनेक वनस्पती खातात. त्यांपैकी 'कोंबू' नावाचे एक रुंद, लांब पानांचे समुद्रशेवाळ उत्तरेकडील होक्काइदो बेटाच्या किनाऱ्यावर विपुल मिळते. ते वाळवून ठेवतात आणि पाण्यात उकळून त्याचे सार काढतात. आपल्याकडे आमटीला फोडणी जशी अगत्याची, तसे जपानी स्वयंपाकाला हे सार अगत्याचे असते. १९०७ साली एके दिवशी इकेदांच्या पत्नीने बाजारातून कोंबूची जुडी आणली. ती पाहताच त्यांच्या मनात विचार आला. ह्या साराची चव गोड नाही, आंबट नाही, खारट नाही आणि कडूही नाही. मग ती आहे तरी कोणती? ज्या अर्थी ती पाण्यात उतरते, त्या अर्थी ती देणारा एखादा पदार्थ कोंबूत असलाच पाहिजे. रोज जेवणारे लक्षावधी लोक ही चव ओळखत होते. परंतु हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

इकेदांनी कोंबूचे सार काढून ते आटवण्यास आरंभ केला. काही वेळाने स्फटिक दिसू लागले. ते मिठासारख्या क्षारांचे होते. नंतर मॅनिटॉल नावाच्या गोडसर पदार्थाचे स्फटिक निघाले. परंतु ज्याच्या शोधात ते होते, तो पदार्थ काही हाती येईना. पुष्कळ खटपट केल्यावर त्यांनी ते काम निराशेने बाजूला ठेवले.

त्याच सुमारास हिइझू मियाके ह्या वैद्यकातील विद्वानांचा एक लेख त्यांच्या वाचनात आला. रुचकर अन्नाने पचनास मदत होते, असे त्यात प्रतिपादन केले होते. इकेदांच्या मनातील जुनी खंत पुन्हा जागी झाली. गरिबाच्या साध्या भाजीभाताला अल्प खर्चात चव आणता आली, तर तो चार घास अधिक खाईल आणि ते त्याच्या अंगी लागतील. आता हा केवळ कुतूहलाचा प्रश्न राहिला नाही. सोडलेले काम त्यांनी पुन्हा हाती घेतले.

ह्या कामात जिभेसारखे दुसरे साधन नव्हते. सारातील एकेक पदार्थ वेगळा काढावयाचा, उरलेला द्रव चाखून पाहावयाचा आणि ती चव ज्या भागात शिल्लक असेल, तोच भाग पुढे घ्यावयाचा, असा त्यांचा क्रम होता. अखेर १९०८ साली कित्येक किलो वाळलेल्या कोंबूतून त्यांना सुमारे ३० ग्रॅम स्फटिक मिळाले. ते ग्लुटामिक आम्लाचे होते.

गंमत अशी, की हे आम्ल रसायनज्ञांना नवे नव्हते. रिटहाउझेन नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८६६ सालीच ते गव्हाच्या चिकापासून वेगळे काढले होते. परंतु जपानी साराची चव ह्याच पदार्थात दडली आहे, हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. शुद्ध आम्ल चाखले तर ते आंबट लागते. तीच खरी अडचण होती. इकेदांनी दाखवून दिले, की त्या आम्लाचा क्षार केला, की आंबटपणा जातो आणि साराची ती रुची प्रकट होते. त्या रुचीला त्यांनी 'उमामी' असे नाव दिले. जपानी भाषेत त्याचा अर्थ रुचकरपणा असा होतो.

आता हा पदार्थ लोकांच्या घरी पोहोचला पाहिजे होता. इकेदांनी त्या आम्लाचे निरनिराळे क्षार तयार करून पाहिले. त्यांतील सोडियमचा क्षार पाण्यात सहज विरघळे आणि चवीलाही उत्तम लागे. कोंबूपासून तो काढणे फार खर्चाचे होते; म्हणून गव्हातील प्रथिन हायड्रोक्लोरिक आम्लात उकळून तो तयार करण्याची रीत त्यांनी बसवली आणि १९०८ सालीच तिचे पेटंट घेतले. साबुरोसुके सुझुकी हे समुद्रशेवाळापासून आयोडिन काढणारे उद्योजक ह्या कामी पुढे आले. १९०९ साली हा पदार्थ 'अजिनोमोतो' ह्या नावाने बाजारात आला. त्या नावाचा अर्थ 'चवीचे मूळ' असा आहे. प्रारंभी उत्पादन सोपे नव्हते, कारण उकळते आम्ल धातूची भांडी खाऊन टाकी. तेव्हा मातीचे मोठाले रांजण वापरून काम पुढे न्यावे लागले. आज हा पदार्थ ऊस, कसावा ह्यांसारख्या पिकांपासून सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने आंबवून तयार करतात. आपल्याकडे चिनी पदार्थांच्या गाड्यांवर ज्याला 'अजिनोमोटो' म्हणतात, तो हाच.

पुढे १९६८ नंतर ह्या पदार्थाने डोके दुखते, अशी शंका अनेकांनी घेतली. शास्त्रज्ञांनी पुष्कळ परीक्षा केल्या. परंतु जेवणातील सर्वसाधारण प्रमाणात तो अपायकारक असल्याचे सिद्ध झाले नाही. पिकलेल्या टोमॅटोत आणि आईच्या दुधातही ग्लुटामिक आम्ल निसर्गतःच असते. तथापि मीठ असो वा मसाला, प्रमाण सुटले, की चव आणि प्रकृती दोन्ही बिघडतात, हे आपल्या आजीलाही ठाऊक असते.

इकेदांनी ह्या यशावर विसावा घेतला नाही. १९१७ साली तोक्योमध्ये रिकेन ही थोर संशोधनसंस्था स्थापन झाली, तिच्या उभारणीत त्यांचा वाटा होता. १९२३ साली विद्यापीठातून निवृत्त झाल्यावर ते पुन्हा जर्मनीस गेले आणि तेथे काही वर्षे राहून त्यांनी आपले संशोधन चालू ठेवले. १९३६ साली तोक्योमध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या हयातीत उमामीला जगाने स्वतंत्र रुची म्हणून मानले नाही. त्यांचा मूळ निबंध जपानी भाषेत होता, आणि बाहेरच्या अनेकांना ही केवळ इतर चवींना उठाव देणारी वस्तू वाटे. परंतु २००० सालानंतर लवकरच शास्त्रज्ञांना जिभेवर ग्लुटामिक आम्ल ओळखणारे ग्राहक रेणू सापडले. शंकेला जागा उरली नाही. इकेदांचे म्हणणे खरे ठरण्यास सुमारे ९० वर्षे लागली.

कोंबूचे सार जपानच्या घराघरांत शतकानुशतके शिजत होते. त्या वाटीपुढे बसून 'छान झाले आहे' असे म्हणणारे असंख्य होते. 'ते छान का लागते?' असे विचारून उत्तर मिळेपर्यंत स्वस्थ न बसणारा एकच निघाला. मुलांनो, आज घरी जेवावयास बसाल, तेव्हा पहिला घास घेताना क्षणभर थांबा. तुमच्या पानातही न विचारलेला एखादा प्रश्न वाढलेला असेल.