डॉ. आर्मावर हॅन्सन

नॉर्वे देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर बर्गेन नावाचे एक जुने बंदर आहे. आपल्या कोकणाप्रमाणे तेथेही पाऊस उदंड आणि मासेमारी मोठी. ह्या बंदरात २९ जुलै १८४१ रोजी गेरहार्ड आर्मावर हॅन्सन ह्याचा जन्म झाला. पंधरा भावंडांत तो आठवा. वडील व्यापारी होते. परंतु पुढे त्यांचा व्यापार बुडाला. स्वतः कमाई करीत मुलाला वैद्यकीचे शिक्षण पुरे करावे लागले.

त्या काळी बर्गेनच्या आसपासच्या खेड्यांत कुष्ठरोगाने ठाण मांडले होते. आपल्याकडे ह्यालाच महारोग म्हणत आणि पूर्वजन्मीच्या पापाचे फळ मानीत. नॉर्वेतील विद्वान तो रक्तातून, बापाकडून मुलाकडे येतो असे समजत. ह्या मताचे अग्रणी बर्गेनचेच डॉ. डॅनियलसन होते. रोग संसर्गाने होत नाही हे दाखविण्यासाठी त्यांनी रोग्याच्या अंगातील द्रव्य स्वतःच्या शरीरात टोचून घेतले होते, आणि त्यांना काहीही झाले नाही! १८६८ साली तरुण हॅन्सन ह्याच डॅनियलसनांच्या हाताखाली काम करू लागले. पुढे ते त्यांचे जावईही झाले.

गुरूविषयी आदर असला, तरी हॅन्सन यांचे मन त्या मताशी जुळेना. ते खेडोपाडी हिंडले. घराघरांतील रोग्यांची माहिती त्यांनी जमविली. रोग एकाकडून दुसऱ्याकडे जात असावा, असे त्यांना वाटू लागले. २८ फेब्रुवारी १८७३ रोजी रोग्याच्या गाठीतील द्रव्यात सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना बारीक काड्यांसारखे जंतू दिसले. मनुष्याच्या जुनाट रोगाचे मूळ जंतूत आहे, असे प्रथमच कोणी दाखवीत होते.

परंतु दिसणे निराळे आणि सिद्ध करणे निराळे. हा जंतू काचेच्या बशीत वाढत नाही. आजही तो तसा कोणाला वाढविता आलेला नाही. १८७९ साली नाइसर नावाचे जर्मन डॉक्टर बर्गेनला आले. हॅन्सन यांनी मोकळ्या मनाने त्यांना आपले नमुने दिले. नाइसर यांनी ते रंगवून जंतू स्पष्ट दाखविले आणि शोधाचे श्रेय स्वतःकडे घेतले.

त्याच वर्षी पुराव्याच्या ध्यासात हॅन्सन यांच्या हातून एक अन्याय घडला. रुग्णालयातील एका स्त्रीच्या डोळ्यात त्यांनी तिला न विचारता रोगाचे द्रव्य टोचले. ती बाई गरीब होती, पण गप्प बसली नाही. १८८० साली खटला उभा राहिला. न्यायालयाने हॅन्सन यांना दोषी ठरवून रुग्णालयाच्या जागेवरून दूर केले. निकाल योग्यच होता. मोठा शोध लावणाऱ्यालाही रोग्याच्या देहावर हक्क नसतो.

कुष्ठरोगाचे मुख्य अधिकारी म्हणून मात्र त्यांचे काम चालू राहिले. रोग्यांनी घरी वेगळ्या खोलीत राहावे किंवा रुग्णालयात यावे, असा कायदा त्यांच्या आग्रहाने १८८५ साली झाला. नॉर्वेतील रोगी झपाट्याने कमी झाले. मात्र ह्या कायद्यामुळे कित्येकांना घरदार सोडावे लागले, हेही विसरता येत नाही. हिंदुस्थानात १८९८ साली तसाच कायदा आला. तो २०१६ साली रद्द झाला.

१२ फेब्रुवारी १९१२ रोजी, दौऱ्यावर असताना, हॅन्सन यांचे निधन झाले. रोगावर गुणकारी औषध निघण्यास अजून तीस वर्षे होती. महाराष्ट्रात १९३६ साली मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूर येथे आणि पुढे बाबा आमटे यांनी आनंदवनात रोग्यांची सेवा केली. हा रोग पापाचा नसून जंतूचा आहे, ह्या ज्ञानाचा त्यांना आधार होता. आज जगभर डॉक्टर ह्या रोगाला हॅन्सनचा रोग म्हणतात.

बर्गेनच्या सेंट यॉर्गेन रुग्णालयातील शेवटचे दोन रोगी १९४६ साली वारले. आता तेथे वस्तुसंग्रहालय आहे.