पंडिता रमाबाई : मदतीचा हात आणि मदतीची अट

भगिनींनो, गरजू स्त्रीला हात देणे हे आपल्यासारख्या मंडळाचे पहिले काम. परंतु हात देताना आपण त्याबरोबर एखादी अटही घालतो काय, हा प्रश्न आपण स्वतःला क्वचितच विचारतो. ज्यांचे निम्मे आयुष्य या एका प्रश्नाशी झगडण्यात गेले, त्या पंडिता रमाबाईंचे चरित्र म्हणूनच वर्धापनदिनाच्या निमित्ताने आठवावेसे वाटते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे नाणावलेले विद्वान. बायकांनी संस्कृत शिकू नये, असा त्या काळचा दंडक होता. तो मोडून शास्त्रीबुवांनी पत्नी लक्ष्मीबाईंना शिकविले आणि लक्ष्मीबाईंनी पहाटेच्या वेळी लेकीला पाठ दिले. पुढे घर मोडले आणि हे कुटुंब पुराण सांगत तीर्थोतीर्थी हिंडू लागले. दुष्काळाच्या दिवसांत उपासमारीने आईवडील गेले, थोरली बहीणही गेली. भूक म्हणजे काय, हे रमाबाईंना कोणी सांगावे लागले नाही.

भाऊ श्रीनिवास याच्यासह त्या पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची विद्वत्ता पाहून तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांचा नोंदणी पद्धतीने विवाह झाला. तो विवाह जातीबाहेरचा होता. कन्या मनोरमा जन्मली आणि ती वर्षाचीही झाली नव्हती तोच, १८८२ च्या आरंभी, पटकीने पती गेले. तेविसाव्या वर्षी पदरात मूल घेऊन विधवा झालेल्या रमाबाई पुण्यास आल्या. येथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला व हंटर आयोगापुढे साक्ष देऊन, स्त्रियांसाठी स्त्री-वैद्य व स्त्री-शिक्षक हवेत, असे ठामपणे मांडले.

वैद्यकी शिकण्याच्या इच्छेने त्या १८८३ साली विलायतेस गेल्या. वॉन्टेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्यांची सोय झाली. फुकटचे अन्न नको म्हणून त्या हिंदुस्थानात येऊ घातलेल्या भगिनींना मराठी शिकवीत. ऐकू कमी येत असल्यामुळे वैद्यकीचा बेत मात्र सोडावा लागला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात केवढी खळबळ उडाली असेल, याची कल्पना करावी! परंतु धर्म स्वीकारला म्हणून त्यांनी बुद्धी गहाण टाकली नाही. पाद्री व मठातील भगिनी सांगतील ते मुकाट्याने मानावे, ही अपेक्षा त्यांनी साफ नाकारली. ज्यांच्या घरी राहिलो, ज्यांचे अन्न खाल्ले, त्यांच्याशीही आपल्या सदसद्विवेकबुद्धीला स्मरून वाद घालण्याचा हक्क त्यांनी सोडला नाही. मदत घेणाऱ्याच्या मानेवर कोणते जू येते, ते त्यांनी असे स्वतः अनुभवले होते.

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. तेथे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहून व गावोगाव व्याख्याने देऊन त्यांनी विधवांसाठी निधी उभा केला. १८८७ च्या अखेरीस बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली व तिने दहा वर्षे मदत देण्याचे कबूल केले. या मदतीचे वैशिष्ट्य असे की, देणारे ख्रिस्ती असूनही शाळेत धर्मशिक्षण द्यावयाचे नाही, हे आधीच ठरले होते. ख्रिस्ती पैशाने चालणाऱ्या शाळेत ख्रिस्ताचे नाव नाही, म्हणून कित्येक मिशनरी रमाबाईंवर रुष्टही झाले.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईस चौपाटीवर शारदा सदन उघडले. त्या समारंभाच्या अध्यक्षस्थानी काशीबाई कानिटकर होत्या. सल्लागारांत न्यायमूर्ती रानडे व डॉक्टर भांडारकर यांसारखी माणसे होती. मुलींनी आपापले सोवळेओवळे पाळावे, व्रते करावीत, कोणी आडकाठी करीत नसे. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई जोशी ही बालविधवा होती. पुढे १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला व आनंदीबाई कर्वे, म्हणजे सर्वांच्या ‘बाया’, या नावाने ती महाराष्ट्रास माहीत झाली.

१८९० च्या अखेरीस सदन पुण्यास आले आणि तेथेच वादळ उठले. रमाबाई पहाटे आपल्या खोलीत प्रार्थना करीत व त्या वेळी खोलीचे दार उघडे ठेवीत. कोणास या म्हणत नसत, आलेल्यास जा म्हणत नसत. काही मुली जाऊन बसू लागल्या. काहींचा ओढा त्या धर्माकडे वळला. ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली. रमाबाईंचे म्हणणे असे की, माझ्या घरात माझी प्रार्थना मी चोरून का करावी? सल्लागारांचे म्हणणे असे की, पालकांनी मुली आपल्या विश्वासावर पाठविल्या आहेत. १८९३ च्या ऑगस्टमध्ये रानडे, भांडारकर आदी मंडळींनी राजीनामे दिले आणि वीसपंचवीस मुलींना पालकांनी परत नेले.

दोष कोणाचा? रमाबाईंनी अट घातली नव्हती, हे खरे. पण ज्या पोरीला सासरी-माहेरी कोणी प्रेमाने हाक मारली नाही, तिला ज्या मांडीवर पहिल्यांदा डोके टेकता आले, त्या मांडीचा ओढा अटीपेक्षाही बळकट असतो, हेही तितकेच खरे. पालकांची भीती अगदीच निराधार नव्हती. मात्र परत नेलेल्या मुलींचे पुढे काय, याचा विचार टीकाकारांपैकी किती जणांनी केला असेल?

याचे उत्तर तीन वर्षांनी मिळाले. १८९६ साली कर्व्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला व पुढे तो हिंगण्यास नेला. गंमत अशी की, कर्वे व रमाबाई एकाच वर्षी, एकाच महिन्यात, पाच दिवसांच्या अंतराने जन्मलेले! शारदा सदनातील विद्यार्थिनीच कर्व्यांच्या संसाराची सोबतीण होती. पण अटींतून तेही सुटले नाहीत. पालकांचा व देणगीदारांचा विश्वास टिकावा म्हणून आश्रमात पुनर्विवाहाचा प्रचार होणार नाही, असे पथ्य, स्वतः विधवेशी लग्न केलेल्या या माणसाला पाळावे लागले. तेव्हा अट केवळ परधर्मीयच घालतात, असे समजण्याचे कारण नाही.

इकडे १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि भुकेने सुकलेल्या शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगावला घेतलेल्या शेतावर मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. विणकाम, शेती, छापखाना, अंध स्त्रियांचे शिक्षण, सारे तेथे होते. पण बोस्टनची दहा वर्षे संपली होती आणि मुक्ती ही उघड ख्रिस्ती संस्था झाली होती. तेथे प्रार्थना होत्या, धर्मशिक्षण होते, आणि कित्येक मुलींनी तोच धर्म स्वीकारला. मरणाच्या दारातून आलेल्या पोरीला नाही म्हणण्याची मुभा कितीशी असणार? शारदा सदनातली मोकळीक येथे उरली नाही, हे रमाबाईंविषयी पूर्ण आदर ठेवूनही म्हणावेसे वाटते. पण त्याच श्वासात हेही म्हटले पाहिजे की, त्या पोरींना उचलून आणायला दुसरे कोणी फारसे गेले नव्हते.

अखेरची वर्षे बायबलाच्या मराठी भाषांतरात गेली. १९२१ साली मनोरमा गेली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी केडगावलाच देह ठेवला. मुक्तीचे काम आजही तेथे चालू आहे.

या चरित्रातून आपण काय घ्यावे? मदत करणाऱ्याने आपली श्रद्धा लपवावी असे नाही. पण घेणारीला नाही म्हणता आले पाहिजे, आणि नाही म्हटल्यावर तिच्या ताटातली भाकरी कमी होता कामा नये. दुसऱ्याच्या दारात अट दिसली, तर ओरडण्यापेक्षा आपले एक दार उघडणे चांगले, जसे कर्व्यांनी उघडले.

आणि आपल्या दाराकडेही पाहावे. शिवणाचे यंत्र दिलेल्या बाईने भजनाला आलेच पाहिजे, असे आपण न बोलता सुचवीत नाही ना? हळदीकुंकवाच्या दिवशी मंडळात यावे की न यावे, अशा विचाराने एखादी विधवा भगिनी घरीच थांबत नाही ना? कागदावर न लिहिलेल्या अटीच जास्त बोचतात. यंदाच्या वर्षी तेवढ्या शोधून काढू या.