सायकल शिकविणारा मास्तर

बी. ए. तृतीय वर्ष

उद्योगपतींची चरित्रे आपण कला शाखेचे विद्यार्थी सहसा हाती घेत नाही. ती वाणिज्य शाखेच्या मित्रांनी वाचावीत आणि आपण संत, कवी, समाजसुधारक यांची वाचावीत, अशी एक वाटणी आपण मनाशी करून टाकलेली असते. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे नाव आपल्या हिंगोली जिल्ह्यात कोणाला ठाऊक नाही असे नाही. विहिरीवरच्या पंपावर ते लिहिलेले असते आणि आमच्या जुन्या गोठ्यात गंजत पडलेल्या आजोबांच्या लोखंडी नांगरावरही ते आहे. पण त्यांच्या चरित्रात मी शिरलो तो एका वेगळ्याच वाटेने. मी रोज नऊ किलोमीटर सायकल मारीत कॉलेजला येतो. पंप आणि इंजिने यांच्यासाठी गाजलेल्या या माणसाचा पहिला धंदा सायकलींचा होता, हे वाचले आणि ते पान मला पुढे नेऊ देईना. पुढे वाचीत गेलो तसतसे वाटू लागले की हा माणूस आपल्याच घरातला आहे. त्याची सुरुवातही आपल्यासारखी कलेच्याच वर्गात झाली होती.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. शाळेच्या पुस्तकांत त्यांचे मन रमत नसे. चित्रे काढावीत आणि यंत्रे न्याहाळावीत, हे दोनच छंद. १८८५ साली ते मुंबईला गेले आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तेथे दोनेक वर्षे झाल्यावर एक गोष्ट उघडकीला आली: त्यांना काही रंग ओळखू येत नसत. चित्रकार होऊ पाहणाऱ्या मुलाला यापेक्षा मोठा धक्का कोणता? गावाहून मुंबईला आलेल्या, घरच्यांचा पैसा खर्च करणाऱ्या मुलाने अशा वेळी काय करावे? परत जावे? लक्ष्मणराव परत गेले नाहीत. रंग गेले तरी रेषा हातात शिल्लक होती. त्यांनी तीच घट्ट धरली आणि यंत्रांची रेखाचित्रे काढण्याचे शिक्षण घेतले. त्या जोरावर त्यांना व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये साहाय्यक शिक्षकाची नोकरी मिळाली. माटुंग्याला आज आपण पाहतो ती ही संस्था तेव्हा भायखळ्याला होती.

त्या वेळची मुंबई डोळ्यांपुढे आणून पाहा. गिरण्यांची धुराडी वाढत होती, वस्ती पसरत होती, आणि रोज कामावर जाणाऱ्या माणसाला साधने किती? आगगाडी, १८७४ पासून रुळांवरून धावणारी घोड्यांची ट्राम आणि खिशात पैसे असतील त्याला व्हिक्टोरिया. बाकीच्यांना आपले दोन पाय. विलायतेत मात्र याच सुमारास एक क्रांती घडत होती. १८८५ साली स्टार्ली या कारागिराने दोन सारख्या चाकांची, चेनने मागचे चाक फिरविणारी सायकल बाजारात आणली आणि १८८८ साली डनलॉप यांनी हवा भरलेला टायर तयार केला. आज आपण वापरतो तिचा सांगाडा तेव्हाच ठरला. अशी विलायती सायकल मुंबईच्या रस्त्यावर एका पारशी गृहस्थाला चालविताना लक्ष्मणरावांनी प्रथम पाहिले. ना घोडा, ना वाफ. माणूस आपल्याच पायांच्या बळावर चालत्या माणसाला मागे टाकून जात होता. यंत्र शिकविणाऱ्या या मास्तरला त्या दृश्याने भुरळ घातली नसती तरच नवल.

ते सायकल चालवायला शिकले आणि तिथेच न थांबता त्यांनी सायकलींचा व्यापार सुरू केला. स्वतः मुंबईत नोकरीवर असल्याने त्यांनी भावाला, रामूअण्णांना, बरोबर घेतले. मुंबईहून सायकली धाडावयाच्या आणि रामूअण्णांनी त्या बेळगावात विकावयाच्या, अशी ही जोडी. किर्लोस्कर उद्योगसमूह आपली सुरुवात १८८८ पासून मानतो ती या धंद्यामुळेच. सायकलीची किंमत सातशेपासून हजार रुपयांपर्यंत असे, असे सांगतात. साध्या कारकुनाचा दोन-तीन वर्षांचा पगार जवळजवळ तेवढाच भरे. म्हणजे आज गरिबाचे वाहन म्हणून जिच्याकडे पाहिले जाते, ती त्या काळी श्रीमंताच्याच दारात उभी राहू शकत होती.

पण मला अधिक महत्त्वाची वाटली ती दुसरीच रक्कम. सायकल चालवायला शिकविण्याचे ते पंधरा रुपये घेत. या पंधरा रुपयांवर मी बराच विचार केला. सायकल शिकणे ही एकट्याची गोष्ट नव्हेच. एक जण सीटवर आणि दुसरा मागे कॅरिअर धरून धावणारा. आमच्या गावात मी शिकलो तेव्हा थोरला चुलतभाऊ असाच मागे धावत होता. आधी अर्ध्या पायडलवर, मग दांडीवरून, मग सीटवर. त्याने हात केव्हा सोडला ते मला कळलेच नाही. आता बेळगावातला तो गिऱ्हाईक मनात आणा. हजार रुपये मोजणारा म्हणजे गावातला कोणी प्रतिष्ठित माणूस. त्याने चारचौघांत, भर रस्त्यात, धूळ खात पडावयाचे! नुसती सायकल समोर ठेवली असती तर त्याने ती विकत घेतलीच नसती. मागे कॅरिअर धरणारा कोणीतरी आहे, या भरवशावर त्याने पैसे मोजले. यंत्र आणि माणूस यांच्यामध्ये एक भीती उभी असते, आणि ती दूर करणारा माणूस मिळाला तरच यंत्र चालते, हा धडा किर्लोस्कर बंधूंना सायकलीने दिला. पुढच्या साठ वर्षांत लक्ष्मणरावांनी हाच धडा पुन्हा पुन्हा गिरविला, असे मला वाटते.

१८९७ साली नोकरीत बढतीची संधी आली. ती लक्ष्मणरावांना डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगावची वाट धरली. सायकलींचे दुकान होतेच. ते ज्या रस्त्यावर होते त्याला आजही बेळगावात किर्लोस्कर रोड म्हणतात. दुकान चालत होते, तेवढ्यावर सुखाने जगता आले असते. पण विकलेल्या प्रत्येक सायकलीमागे पैसा जाई तो विलायतेला. दुसऱ्याने घडविलेले विकण्यापेक्षा आपण काही घडवावे, आणि ते आपल्या शेतकऱ्याच्या उपयोगी पडावे, असे त्यांच्या मनाने घेतले. छोट्या कारखान्यात त्यांनी प्रथम कडबा कापण्याचे यंत्र तयार केले आणि त्यानंतर लोखंडी नांगर.

नांगर तयार झाला, पण तो घेईना कोणी! लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. आज आपल्याला हसू येते. पण ज्याच्या घरची भाकरी एकाच शेतावर अवलंबून आहे, त्याने अनोळखी वस्तूला आपल्या मातीत उतरू देताना भ्यावे यात हसण्यासारखे काय आहे? पहिले नांगर विकले जायला दोन वर्षे लागली. या दोन वर्षांत लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याला अडाणी म्हणून हात झटकले नाहीत. सायकलीचे गिऱ्हाईक आणि हा शेतकरी यांची भीती एकाच जातीची आहे, हे त्यांना नक्कीच जाणवले असणार. नांगर शेतात चालवून दाखविला, तो जमिनीत किती खोल जातो हे डोळ्यांना दिसले, तेव्हा शेतकऱ्याचे मन वळले.

कुठे जम बसतो तोच बेळगावच्या नगरपालिकेने ठळकवाडी या नव्या वसाहतीसाठी त्यांच्या कारखान्याची जागा घेतली. कारखाना उचलावयाचा, पण न्यावयाचा कोठे? त्या सुमारास लक्ष्मणराव औंधला सभामंडप उभारण्याच्या कामावर होते. (आपल्याकडे औंध म्हटले की औंढा नागनाथ डोळ्यांपुढे येतो, हे औंध सातारा जिल्ह्यातले.) तेथील राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार. चित्रकलेची वाट अर्ध्यावर सुटलेल्या माणसाला एका चित्रकार राजाने आसरा द्यावा, हा योग मोठा सुंदर आहे. कुंडल रोड स्टेशनाजवळची बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज राजांनी दिले. जमीन कसली, निवडुंगाने भरलेला, सापांचा सुळसुळाट असलेला माळ! तेथे १० मार्च १९१० रोजी किर्लोस्करवाडीचा आरंभ झाला. त्या वेळी लक्ष्मणराव चाळिशी ओलांडलेले होते.

किर्लोस्करवाडीचा इतिहास यंत्रांच्या यादीने सांगता येईल. नांगर, चरक, रहाट, शेंगा फोडण्याचे यंत्र, पुढे पंप. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली. पण या वाडीने माणसेही घडविली. बाहेरच्या समाजात ज्यांना जवळ उभे करीत नसत त्यांना येथे काम मिळाले. शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर पहारेकऱ्याची जबाबदारी टाकण्याचे धाडस लक्ष्मणरावांनी केले. वस्तीत शिवाशीव पाळावयाची नाही, हा दंडक होता.

आणि मराठीच्या विद्यार्थ्यांनी तर या वाडीला नमस्कारच केला पाहिजे. नांगराच्या कारखान्यातून एक मासिक निघाले! लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी १९२० साली 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. गिऱ्हाइकांना कारखान्याची माहिती कळावी हा मूळ हेतू. ते वाढत वाढत 'किर्लोस्कर' मासिक झाले, मराठी वाङ्मयातले एक मानाचे स्थान झाले. १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' ही भावंडे त्याला लाभली. किती लेखक-लेखिका या मासिकांनी पुढे आणल्या, हे आपल्या प्राध्यापकांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. मला यातही तेच सूत्र दिसते. यंत्र द्यावयाचे असेल तर शब्दही द्यावा लागतो. लोखंडाबरोबर शाई लागते.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. त्याच वर्षी लुधियानात हीरो सायकल कंपनी सुरू झाली हा योगायोग असेल, पण मला तो अर्थपूर्ण वाटतो. एव्हाना सायकली देशातच बनू लागल्या होत्या आणि हजार रुपयांचे ते विलायती वाहन कामगाराच्या, पोस्टमनच्या, शाळामास्तरच्या हाती आले होते. पुण्याला तर सायकलींचे शहर हेच नाव पडले. मुंबईचा डबेवाला सायकलीच्या हँडलला डबे अडकवून गल्लोगल्ली फिरू लागला.

आपल्याकडे पाहू या. मानव विकास कार्यक्रमातून शाळकरी मुलींना सायकली मिळाल्या. माझ्या धाकट्या बहिणीलाही मिळाली. पण आमच्या गावात एका घरी ती सायकल वर्षभर पडवीत उभी होती, कारण त्या मुलीला चालविता येत नव्हती आणि तिच्या मागे कॅरिअर धरून धावायला कोणी नव्हते. ओढ्याच्या पलीकडची शाळा तिला तेवढ्यासाठी सुटता सुटता राहिली; शेवटी माझ्या बहिणीनेच तिला शिकविले. हे एक उदाहरण. हळदीला पाणी देणाऱ्या पंपापासून कार्यालयातल्या संगणकापर्यंत किती वस्तू आपल्या भागात येतात आणि शिकविणाऱ्यावाचून धूळ खात पडतात! वस्तू वाटणे सोपे आहे. तिच्या मागे धावणे कठीण आहे.

कला शाखेत शिकून काय करणार, हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाने घरी, बसस्टँडवर, लग्नाच्या मांडवात ऐकलेला आहे. त्याचे उत्तर लक्ष्मणरावांच्या चरित्रात तयार सापडते असे मी म्हणणार नाही. आपण सारेच काही कारखाने काढणार नाही. पण नव्या वस्तूला भिणारा माणूस ओळखावा, त्याला न हसता समजावून सांगावे आणि तो आपल्या तोलाने चालू लागेपर्यंत मागे राहावे, एवढे तर आपण करू शकतो. भाषा, इतिहास, समाजशास्त्र हे सारे आपण माणूस समजावा म्हणूनच शिकतो ना? रंग न दिसणाऱ्या एका तरुणाला माणसाची भीती मात्र स्वच्छ दिसली, आणि तेवढ्या भांडवलावर त्याने माळावर गाव वसविले. आपल्या गावोगावच्या पडवीत अजून कितीतरी सायकली उभ्या आहेत.