भुकेची रेषा आणि सुखात्मे

साथरोगशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला सर्वप्रथम शिकावी लागते ती मोजणी. एखाद्या विकाराने किती माणसे ग्रासली आहेत हे सांगण्यापूर्वी आजारी कोणास म्हणावयाचे, हे ठरवावे लागते. देवीच्या बाबतीत ही रेषा रोगच आखून देत असे. भुकेच्या बाबतीत ती संशोधकालाच आखावी लागते. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचे उत्तरायुष्य या रेषेच्या वादात गेले.

सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ साली जन्मलेले सुखात्मे फर्ग्युसन महाविद्यालयातून गणिताची पदवी घेऊन लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले. तेथे फिशर आणि नेमन या दोन संख्याशास्त्रज्ञांत विस्तव जात नसे. सुखात्मे यांनी दोघांच्याही विद्येचा लाभ घेतला, हे त्या वातावरणात सोपे नव्हते. १९३६ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. या विद्येचा देशातील दरिद्री माणसाला काय उपयोग, असा प्रश्न पंडित मदनमोहन मालवीय यांनी त्यांना केल्याचे सांगतात. त्यानंतर कलकत्त्याच्या अखिल भारतीय आरोग्य व सार्वजनिक स्वास्थ्य संस्थेत अध्यापन, कृषी संशोधन परिषदेत पिकांच्या नमुना पाहणीचे काम आणि १९५१ पासून रोम येथे जागतिक अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुखपद, असा त्यांचा प्रवास झाला. जगातील दोनतृतीयांश माणसे भुकेली आहेत असे बोलले जात असता, पोटभर अन्न न मिळणारे दहा ते पंधरा टक्के आहेत, असा अंदाज त्यांनी १९६१ साली मांडला.

निवृत्तीनंतर ते पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत काम करू लागले. निरोगी माणूस रोज सारखे खात नाही. आठवड्याआठवड्याला त्याचे अन्न कमीअधिक होते, तरी वजन टिकते, कारण शरीर आपला खर्च जुळवून घेते. तेव्हा सरासरी गरजेलाच रेषा मानल्यास धडधाकट माणसेही उपाशी ठरतात. रेषा बरीच खाली हवी, असे सुखात्मे यांचे प्रतिपादन होते. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर यांनी नीळकंठ रथ यांच्यासह १९७१ साली २२५० उष्मांकांच्या आधारे दारिद्र्याचे मोजमाप केले होते. त्यांनी या प्रतिपादनावर कठोर टीका केली. पोषणतज्ज्ञ सी. गोपालन यांचा आक्षेप अधिक मूलगामी होता: कमी अन्नावर तगून राहणे म्हणजे निरोगी असणे नव्हे.

एका दिवसाच्या आहारावरून माणसाला उपाशी ठरवू नये, हे सुखात्मे यांचे म्हणणे बिनतोड होते. परंतु मोजक्या निरोगी माणसांच्या नोंदींवरून राबणाऱ्या कोट्यवधी लोकांची रेषा खाली आणणे ही फार मोठी उडी होती, आणि सरकारला शिधा आखडता घेण्यास ती सोयीची ठरली असती. दुर्दैवाने या गदारोळात त्यांचे दुसरे सांगणे मागे पडले. दूषित पाण्याने जडणारे जुलाब खाल्लेले अन्न अंगी लागू देत नाहीत. म्हणून धान्याइतकीच शुद्ध पाण्याची व स्वच्छतेची निकड आहे, असे ते आग्रहाने मांडत.

१९७९ साली नियोजन मंडळाच्या कार्यगटाने ठरविलेली, ग्रामीण भागासाठी २४०० व शहरांसाठी २१०० उष्मांकांची रेषा त्यांच्या युक्तिवादाने हलली नाही. २००९ साली तेंडुलकर समितीने उष्मांकांचा आधारच सोडला. सुखात्मे त्यापूर्वीच, १९९७ च्या जानेवारीत, निवर्तले होते.