एक तार, अनेक संदेश : एमिल बोदो यांचे जीवनकार्य

फ्रान्सच्या ओत-मार्न प्रांतातील मान्यो या खेड्यात ११ सप्टेंबर १८४५ रोजी एका शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या एमिल बोदो यांचे औपचारिक शिक्षण गावातील प्राथमिक शाळेतच संपले. त्यानंतर काही वर्षे त्यांनी वडिलांसोबत शेती केली. १८६९ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, ते तार खात्यात उमेदवार तारयंत्रचालक म्हणून दाखल झाले. आज दूरसंचार अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांत ज्यांचे नाव येते, त्या बोदो यांच्यापाशी अभियांत्रिकीची कोणतीही पदवी नव्हती.

खात्याने त्यांना ह्यूज यांच्या छपाई तारयंत्राच्या प्रशिक्षणासाठी पाठविले. पियानोसारख्या पट्ट्या असलेले हे यंत्र संदेश थेट अक्षरांत छापून देत असे. फ्रान्स-प्रशिया युद्धात अल्पकाळ सैन्यात सेवा बजावल्यानंतर १८७२ साली बोदो पॅरिसला परतले. तारांचा पसारा वाढत होता, खांबांवर एकामागून एक नव्या तारा चढविल्या जात होत्या आणि प्रत्येक नवी तार म्हणजे मोठा खर्च होता. मात्र, चालकाचा हात एका अक्षरावरून दुसऱ्या अक्षराकडे जाईपर्यंत ही महागडी तार रिकामीच राहत असे. हा रिकामा वेळ दुसऱ्या चालकाला का देऊ नये, असा विचार बर्नार मेयर यांनीही केला होता व १८७१ मध्ये मोर्स संकेतांसाठी तसे यंत्र त्यांनी सिद्ध केले होते. बोदो यांनी ही कल्पना छपाई यंत्राशी जोडण्याचे ठरविले. खात्याने या कामास उत्तेजन दिले. मात्र ते नोकरीच्या वेळेबाहेर करावयाचे होते!

१७ जून १८७४ रोजी त्यांनी आपल्या पद्धतीचे पेटंट घेतले. तिचे मर्म वितरक नावाच्या एका तबकडीत होते. तबकडीचे समान भाग पाडलेले असत आणि त्यांवरून एक ब्रश अखंड फिरत असे. चार चालक असल्यास प्रत्येकाच्या वाट्याला फेरीचा एक चतुर्थांश भाग येई. तेवढ्या क्षणापुरती संपूर्ण तार त्याची असे. तारेच्या दुसऱ्या टोकाला तशीच तबकडी त्याच गतीने फिरत असे व प्रत्येक संदेश आपापल्या छपाई यंत्राकडे वळविला जाई. दोन्ही ब्रशांची गती किंचितही चुकली, तर एकाचा संदेश दुसऱ्याच्या कागदावर उमटला असता. म्हणून गती जुळवून घेण्याची सोय तबकडीतच करण्यात आली होती.

यासाठी प्रत्येक अक्षराला सारखाच वेळ लागणे आवश्यक होते. मोर्स लिपीत एखादे अक्षर एका टिंबाचे, तर दुसरे चार चिन्हांचे असते. बोदो यांनी प्रत्येक अक्षरासाठी नेमके पाच संकेत योजले. विद्युत्प्रवाह असा किंवा तसा, या दोनच शक्यता पाच वेळा मांडल्या की ३२ जुळण्या मिळतात. चालकापुढे पाचच पट्ट्या असत, दोन डाव्या हाताला व तीन उजव्या हाताला. आपली पाळी आल्याची टिकटिक ऐकू येताच पट्ट्या दाबावयाच्या, मिनिटाला सुमारे १८० वेळा, म्हणजे साधारण ३० शब्द. तालाच्या प्रत्येक आवर्तनात आपली मात्रा अचूक पकडणाऱ्या वादकासारखेच हे काम होते. लय चुकली की अक्षर चुकले. यंत्राचे कौतुक सर्वत्र होते, पण या चालकांची फारशी दखल घेतली जात नाही.

१८७७ साली पॅरिस-बोर्दो मार्गावर ही पद्धत अधिकृतरीत्या वापरात आली. पुढील वर्षी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात तिला सुवर्णपदक मिळाले आणि १८८२ मध्ये बोदो निरीक्षक-अभियंता झाले.

याच सुमारास एका कटू वादाने त्यांना घेरले. लुई व्हिक्टर मिमो यांनी ही संकेतपद्धती आपलीच असल्याचा दावा न्यायालयात केला. प्रारंभी निकाल मिमो यांच्या बाजूने लागला. पुढे तो रद्द होऊन खटल्याचा खर्चही त्यांच्याच माथी आला. नुकसानभरपाई व सन्मान मिळावा, ही त्यांची मागणी तार खात्यातील संशोधनप्रमुख ज्यूल रेनो यांच्या समितीने फेटाळली, तेव्हा मिमो यांनी रेनो यांची गोळी झाडून हत्या केली. त्यांना सक्तमजुरीची शिक्षा झाली. पाच संकेतांची कल्पना गाउस व वेबर या जर्मन शास्त्रज्ञांनी १८३० च्या दशकातच वापरली होती, हे ध्यानात घेतले, तर या वादाची शोकांतिका अधिकच जाणवते. बोदो यांचे खरे श्रेय निरनिराळ्या कल्पना एकत्र आणून रोजच्या वापरात टिकेल असे यंत्र घडविण्यात आहे.

१८९४ मध्ये पॅरिस व मिलान येथील शेअर बाजार या पद्धतीने जोडले गेले. २८ मार्च १९०३ रोजी पॅरिसजवळील सो येथे, वयाच्या ५७ व्या वर्षी, बोदो यांचे निधन झाले.

वेळ वाटून एकाच मार्गावरून अनेक संदेश पाठविण्याच्या या पद्धतीला मल्टिप्लेक्सिंग म्हणतात. या शब्दाने आता अनेकांना चित्रपटगृह आठवते, हा भाग वेगळा. नभोवाणी केंद्रांप्रमाणे प्रत्येकाला स्वतंत्र कंप्रता देणे हा याचाच दुसरा प्रकार. वेळ वाटण्याचे तत्त्व टेलिफोनपर्यंत पोहोचण्यास मात्र इलेक्ट्रॉनिक्सची वाट पाहावी लागली. १९६२ साली अमेरिकेत बेल कंपनीने सुरू केलेल्या टी-१ प्रणालीत आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेऊन २४ संभाषणे एकत्र नेली जाऊ लागली. जीएसएम मोबाइल सेवेतही एकाच कंप्रतेवर आठ जणांना पाळीपाळीने वेळ दिला जातो. बोदो यांच्या पाच संकेतांतूनच पुढे टेलिप्रिंटरची वर्णमाला विकसित झाली आणि वृत्तपत्रांच्या कार्यालयांत अनेक दशके तिचा खडखडाट ऐकू येत राहिला. तारेवरून सेकंदाला किती संकेत जातात, हे मोजण्याच्या एककाला १९२० च्या दशकात त्यांच्याच नावावरून 'बॉड' हे नाव देण्यात आले.